चौथ्या गटातल्या बाया

३१ हजार ४८८. मित्रांनो, हा आकडा आधी पाठ करा, मग पुढं वाचा.

एवढ्या बाया आपल्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या. २०२३ पासून त्याला धाराशिव म्हणायचं. १९८२ पर्यंत लातूर त्याच जिल्ह्यात होतं, तेव्हा लातूरवाल्यांनी शेजारच्या न म्हणता घरच्याच म्हणावं. मावश्या, आत्या, दिलेल्या लेकी. वयं तीस ते एकोणसाठ. १९९९-२००० च्या सुमाराला तिथं एक मोठं संशोधन सुरू झालं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत हुडकायचा तर कोणती तपासणी कामाची, हे ठरवायचं होतं. मुंबईचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्था, आणि पैसा अमेरिकेतल्या बिल गेट्सच्या फौंडेशनचा. गावांचे ५२ समूह पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार गटांत वाटणी केली. पहिल्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी. दुसऱ्याला पॅप तपासणी. तिसऱ्याला व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यानं बघायची तपासणी. चौथ्या गटाला काहीच नाही.

'काहीच नाही' असं कागदावर कुणी लिहीत नाही. कागदावर लिहितात 'प्रचलित सेवा'. म्हणजे गावात जी सेवा आधीपासून मिळते ती. आणि गावात काय मिळत होतं? कुलूप घातलेलं उपकेंद्र, आठवड्याला फिरकणारी नर्सबाई आणि एस.टी.

मग आठ वर्षं मोजमाप चाललं. २००९ च्या एप्रिलात निकाल अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन'मध्ये छापून आला. डॉक्टर लोकांत त्या मासिकाचा मान वेदासारखा. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४ हजार १२६ बाया होत्या, त्यांतल्या ३४ या कॅन्सरनं गेल्या. चौथ्या गटात बाया त्याहून कमी, आणि गेल्या ६४. पहिल्या गटात रोग पुढं गेलेल्या अवस्थेत सापडला ३९ जणींना, चौथ्या गटात ८२ जणींना. जगाला उत्तर मिळालं. एका तपासणीनं मरण जवळजवळ निम्म्यावर येतं. चौथा गट नसता तर हे 'निम्मं' कशाच्या निम्मं ते सांगता आलं नसतं, असं शास्त्र म्हणतं. त्या ६४ जणी म्हणजे मोजपट्टीचं दुसरं टोक.

हे एकट्या उस्मानाबादला झालं असं समजू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत असाच अभ्यास, तिथं बिनतपासणीच्या ७६ हजार १७८. तामिळनाडूत दिंडिगलला ३० हजार ९५८. तिन्ही मिळून १ लाख ३८ हजार ६२४ बाया 'प्रचलित सेवे'च्या खात्यात, आणि त्यांतल्या २५४ या एका रोगानं मेल्या. तपासणी झाली असती तर २५४ च्या २५४ वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारा लबाड. पण बऱ्याच वाचल्या असत्या हे सिद्ध करायलाच तर सगळा खटाटोप होता, आणि तो यशस्वी झाला म्हणून पेढे वाटले गेले.

आता विद्वानांचं म्हणणं ऐकून घेऊ, कारण ते मूर्ख नाहीत आणि सगळे दुष्टही नाहीत. ते म्हणतात, देशात सरकारी तपासणी कुठंच नव्हती, मग आम्ही चौथ्या गटाकडून काय हिरावून घेतलं? त्यांना जे मिळत होतं तेच मिळत राहिलं. उलट या अभ्यासामुळं सरकारला पटलं, स्वस्तातला उपाय सापडला, उद्याच्या लाखो बाया वाचतील. बरोबर शब्दांत मांडलंय ना मी? याहून चांगलं त्यांनाही मांडता येणार नाही.

आता माझं ऐका.

पॅप तपासणी जगाला १९४० च्या दशकापासून ठाऊक होती. गोऱ्या देशांत तिनं मरणं कमी केली होती. तपासणी केल्यानं बाया वाचतात का, हा प्रश्न त्यांच्या बायांसाठी कधीच सुटला होता. आमच्या बायांसाठी तो पुन्हा पहिल्यापासून सोडवायचा, आणि त्यासाठी एका गटाला शून्यावर ठेवायचं, हे कशाच्या जोरावर? तर आमच्याकडं आधीच शून्य आहे, या जोरावर. इथं थांबा आणि विचार करा. दुष्काळी मुलखात दवाखाना नाही, कारण कुणी बांधला नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीत नर्सबाई येत नाही, कारण तिला कुणी विचारत नाही. हे शून्य आभाळातून पडलेलं नाही. जातीनं, जमीनदारीनं, सरकारच्या अनास्थेनं शंभर वर्षं खपून ते तयार केलंय. आणि शास्त्रज्ञ येतो, त्या शून्याकडं बघतो आणि म्हणतो, वा, तुलनेला किती छान! आमची उपेक्षा ही त्याची 'प्रचलित सेवा'. आमचं वाट्याला आलेलं मरण हा त्याचा पाया, त्यावर तो आपली इमारत मोजतो.

एक काळ आमची सावली चालत नव्हती. आमचं रक्त मात्र आता सगळ्यांना चालतं, बाटलीत भरून बर्फात ठेवून परदेशातसुद्धा चालतं.

आणि 'उद्याच्या लाखो बाया'? उद्या उजाडलाय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा बघा. देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांत या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती? शंभरात दोनसुद्धा नाहीत. २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं साऱ्या जगाला सांगितलं की एचपीव्ही तपासणी करा. ते ज्ञान ज्यांच्या देहावरून निघालं त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या बाया होत्या. ज्ञान जिनिव्हाला पोचलं. तुळजापूर-उमरग्याच्या रस्त्यावर ते एस.टी.ची वाट बघत उभं आहे.

तुम्हाला वाटेल, कुणी नियम मोडले, चोरून केलं, पकडा त्यांना. तसं नाही, आणि म्हणूनच हे लिहितोय. नियमाप्रमाणे कमिटी होती. अशा प्रत्येक संशोधनाला आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, माणसांवर करताय ते नीतीला धरून आहे का हे तपासणारी कमिटी. या अभ्यासालाही मंजुऱ्या होत्या. शिकलेली, सभ्य, चष्मेवाली माणसं टेबलाभोवती बसली, कागद वाचले, चौथा गट वाचला, 'प्रचलित सेवा' हे शब्द वाचले, आणि कुणाचा पेन अडखळला नाही. का अडखळावा? त्या टेबलाभोवतीच्या कुणाची आई चौथ्या गटात पडणार होती? चिठ्ठी त्यांच्या घराची नव्हतीच.

मुंबईच्या अभ्यासात अमेरिकी सरकारचा पैसा होता, म्हणून तिथल्या एका डॉक्टरनं तिथल्या सरकारकडं तक्रार केली. २०१२ साली तिथल्या सरकारी कार्यालयानं कबूल केलं की मुंबईच्या बायांना दुसऱ्या तपासणीच्या पर्यायाची पुरेशी माहिती दिली गेली नव्हती. म्हणजे बाहेर पॅप नावाची तपासणी असते, ती करून घेता येते, हेच नीट सांगितलं नाही. बघा गंमत. मुंबईच्या वाऱ्यावरच्या बायांसाठी दाद मागायची तर वॉशिंग्टनला. उस्मानाबादला पैसा खाजगी फौंडेशनचा, त्या कार्यालयाचा हात सरकारी पैशापुरता. मग उस्मानाबादच्या बायांनी कुणाकडं जायचं? तहसीलदाराकडं?

माणसं अडाणी आहेत, त्यांना संशोधन कळत नाही, हे एक पालुपद आपण नेहमी ऐकतो. मी एकदा एका मोठ्या दवाखान्यात वस्तीतल्या एका मावशीसोबत गेलो होतो. औषधाचा काही अभ्यास चालला होता. आठ पानी संमतीपत्र तिच्या हातात दिलं. मराठीतच होतं म्हणे. त्यात 'यादृच्छिकीकरण' होतं, 'सहभागी व्यक्तीची स्वेच्छा' होती, 'अन्वेषक' होता. मी मराठी घेऊन बी.ए. झालोय, मला यादृच्छिक म्हणजे काय ते शेजाऱ्याला विचारावं लागलं. शाईचं पॅड आधीच उघडून ठेवलेलं. 'अंगठा करा मावशी, नंबर जाईल.' मी तिला आमच्या भाषेत सांगितलं की चिठ्ठी टाकणारेत, एका चिठ्ठीला नवं औषध, दुसऱ्या चिठ्ठीला जुनंच. ती लगेच म्हणाली, 'म्हंजी लॉटरीच की. आन मला न्हाई लागली तर मला सांगनार कोन?' त्या खोलीत पदव्यांची एवढी भिंत होती, पण कुणापाशी उत्तर नव्हतं. दोन मिनिटांत जिनं आठ पानांच्या मुळावर बोट ठेवलं ती अडाणी, आणि आठ पानं लिहिणारा तज्ज्ञ.

मावशीचा तो प्रश्न मला कुठल्याही एथिक्स कमिटीच्या वहीत लिहिलेला बघायचाय.

१९७२ साल आपल्याला तोंडपाठ आहे. मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्याच वर्षाच्या जुलैत तिकडच्या पेपरांत टस्कीगीची बातमी फुटली. अलाबामातल्या मॅकन परगण्यात १९३२ पासून सरकारच्या आरोग्य खात्यानं गरमीचा रोग झालेले ३९९ गरीब काळे पुरुष आणि तुलनेला रोग नसलेले २०१ धरून ठेवले होते. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतोय. उपचार नव्हताच. रोग माणसाला कसकसा खातो ते बघायचं होतं. पेनिसिलीन आलं, १९४० च्या दशकात सगळ्यांना मिळायला लागलं, यांना दिलं नाही. गरम जेवण देत, मेल्यावर पुरायचा खर्च देत, त्याच्या बदल्यात प्रेत चिरायला मागत. चाळीस वर्षं! आज जगभर एथिक्स कमिटीचे जे कडक कायदे आहेत त्यांच्या मुळाशी जर्मनीतल्या छळछावण्या आहेत तशी ही काळी माणसंही आहेत. उस्मानाबाद म्हणजे टस्कीगी नव्हे. तिथं खोटं बोलून उपचार नाकारला, इथं चौथ्या गटाला कुणी उपचार नाकारला नाही, रोग सापडला तर दवाखाना होता. फरक आहे आणि तो मानला पाहिजे. पण जे पुरुष मॅकन परगण्यात निवडले गेले ते ज्या कारणासाठी निवडले गेले, ते कारण आपल्या ओळखीचं आहे. त्यांना तसंही काही मिळत नव्हतं.

आणि एक बोलायचं राहून जातं. ब्लॅक पँथरनं फक्त बंदुका घेऊन फोटो काढले नाहीत. त्यांनी वस्त्यांत फुकट दवाखाने काढले, १९७१ पासून सिकलसेलच्या तपासण्या स्वतः सुरू केल्या. तोच सिकलसेल जो विदर्भात आपल्या बौद्ध घरांत आणि आदिवासी पाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण त्यांचं नाव उचललं, दवाखाना तिकडंच राहिला.

आता नियमांकडं या, कारण नियमांत एक खुर्ची आहे आणि ती आपण कधी बघितली नाही. २०१९ च्या औषध चाचण्यांच्या नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीत कमीत कमी सात जण पाहिजेत. निम्मे त्या संस्थेच्या बाहेरचे. अध्यक्ष बाहेरचा. एक बाई पाहिजेच. एक कायद्याचा माणूस. एक समाजशास्त्राचा नाहीतर संस्था-संघटनेचा. आणि एक सामान्य माणूस, जो डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. ही सामान्य माणसाची खुर्ची कशासाठी? ज्यांच्यावर प्रयोग होणार त्यांच्या डोळ्यांनी कागद बघायला. मग त्या खुर्चीवर बसतं कोण, हे तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंय? वकील, निवृत्त प्राचार्य, दानशूर व्यापारी हे 'सामान्य' असू शकतात, कायद्यात बसतात. मला विचाराल तर त्या खुर्चीवर वीटभट्टीवरची बाई पाहिजे. मावशी पाहिजे.

बाबासाहेबांनी १९१९ ला साउथबरो कमिटीपुढं काय मांडलं होतं? अस्पृश्यांचं दुःख दुसरा कुणी त्यांच्या वतीनं बोलू शकत नाही, त्यांचाच प्रतिनिधी पाहिजे. ते विधिमंडळाबद्दल होतं. नोकऱ्यांत, महाविद्यालयांत, पंचायतीत आपण त्याच मुद्द्यावर लढलो. पण आपल्या आयांच्या गर्भाशयाचा निर्णय जिथं होतो त्या टेबलाला आपण कधी हात लावला नाही. त्यासाठी मोर्चा नाही, ठराव नाही, पत्रक नाही.

इथवर डॉक्टरांना झोडपलं, आता आपल्या घरचं बघू. औषधाच्या चाचणीला निदान नियम आहे. समाजशास्त्राच्या नावानं वस्तीत घुसणाऱ्याला कोण अडवतो? १९७८ ला नामांतरासाठी नांदेड-परभणीत आपली घरं जळाली, मागोमाग अभ्यासक आले. त्यांतले काही खरे साथी होते, त्यांच्यामुळं सत्य जगापुढं गेलं, ते मी विसरत नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारी-सास्तूर जमीनदोस्त झालं, मढी उचलून होत नाहीत तोवर प्रश्नावल्या आल्या. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्यासोबत पाहणीवालेही आले. घरचा कर्ता गेला, किती दिवस झाले, रात्री झोप लागते का, एक ते पाच आकड्यांत सांगा. बाई रडायला लागली तर पोरगं पान उलटतं आणि पुढचा प्रश्न विचारतं, कारण शंभर नमुने पूर्ण करायचेत. ते पोरगं बऱ्याचदा आपलंच असतं. आपलं पोरगं मातंगवाड्यात जातं, तांड्यावर जातं, किनवटच्या पाड्यावर जातं आणि तिथं ते साहेब असतं. प्रबंध होतो, नावामागं डॉक्टर लागतं, वस्तीत परत जाऊन 'तुमच्याबद्दल मी हे लिहिलंय' असं सांगायला कुणी जात नाही.

त्यात अत्याचाराच्या अभ्यासांची तऱ्हा वेगळीच. प्रस्तावनेत लिहितात, पीडितांची नावं गुप्त ठेवली आहेत. आणि खाली गावाचं नाव, तालुका, जिल्हा. अरे लेकांनो, त्या गावात बौद्धांची घरं चार आहेत. त्यांतल्या एकाच घरात विधवा सून आहे. गावचा पाटील ते पान वाचेल तेव्हा त्याला कळायला किती वेळ लागेल? नाव झाकलं आणि घर उघडं ठेवलं. मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकारानं २००० साली आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठी नीतीचे नियम तयार झाले, त्यात या असल्या गोष्टींचा विचार आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक गाईडनं ते वाचल्याशिवाय विद्यार्थ्याला गावात पाठवू नये.

गावाची परवानगी घेतली, असंही सांगतात. कुणाची? सरपंचाची. सरपंचाच्या होकारानं राजवाड्यातल्या बाईचा होकार झाला? नियम सांगतात, म्होरक्यानं हो म्हटलं तरी प्रत्येक माणसाला वेगळं विचारावंच लागतं. पण म्होरक्यानं हो म्हटल्यावर नाही म्हणायची छाती गावात कुणाची असते? आणि वसतिगृहातल्या पोरापोरींनो, तुम्ही तर नीट ऐका. २००९-१० ला आंध्रातल्या खम्मममध्ये आदिवासी पोरींना एचपीव्हीची लस टोचली, अभ्यास म्हणून. चौकशीत निघालं की हजारो संमतीपत्रांवर आईबापाच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या ठोकल्या होत्या. लस चांगली की वाईट हा माझा मुद्दा नाही, ती चांगलीच आहे, आपल्या पोरींना मिळालीच पाहिजे. पण वॉर्डनला बाप कुणी केलं? २०१३ ला संसदेच्या समितीनं या प्रकरणावर कडक ताशेरे मारले. आपण सगळे वॉर्डनच्या हाताखालूनच शिकलोय. आपल्या नावावर कुठल्या कागदावर त्यानं सही केली, आठवतं?

काही म्हणतील, मग संशोधनच बंद पाडायचं का. अजिबात नाही. मोजण्याला घाबरणारा आंबेडकरी नव्हे. साहेबांच्या काळात रिस्ले नावाचा गोरा अधिकारी जातीजातींची नाकं मोजत फिरला, नाकावरून वंश ठरवायला. १९४८ ला 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी असलीच मापं घेतली आणि दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीतच. ज्यांची नाकं मोजली त्यांच्यातल्या एकानं मोजपट्टी हातात घेतली. संशोधन झालंच पाहिजे, मराठवाड्यात तर दुप्पट. आपल्याला रोग होतात, औषधं लागतात. भांडण मोजपट्टीच्या मालकीचं आहे.

तर कामं सांगतो. नांदेडला विष्णुपुरीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, लातूरला सरकारी वैद्यकीय संस्था आहे. दोन्हीकडं माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं तिकीट लागतं. विचारा, तुमच्या एथिक्स कमिटीतले सभासद कोण, सामान्य माणूस म्हणून कोण बसतं, गेल्या पाच वर्षांत किती अभ्यास मंजूर केले, त्यांतले किती परत पाठवले. औषधाची प्रत्येक चाचणी १५ जून २००९ पासून सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, कुठं चालू आहे ते कुणालाही बघता येतं, ती नांदेड-लातूरची पानं काढून वाचा. वॉर्डात संमतीपत्र दिसलं तर त्याची एक प्रत पेशंटच्या हातात पाहिजे, हा हक्क आहे. वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. तुम्ही जा साक्षीदार म्हणून. सामान्य माणसाची खुर्ची रिकामी होईल तेव्हा आपल्या वस्तीतलं नाव लेखी सुचवा, शक्यतो बाईचं.

आणि टाटा आणि बार्शी, दोन्हीकडं एक पत्र जाऊ द्या, नांदेड-लातूरच्या सगळ्या शाखांच्या सह्यांनी. त्यात एकच विचारायचं. ३१ हजार ४८८ पैकी ज्या जिवंत होत्या, त्यांना २००९ नंतर निकाल कुणी सांगितला, कुठल्या भाषेत सांगितला, आणि त्यांतल्या किती जणींची ती तपासणी झाली? गावनिहाय आकडा द्या.